दलाल म्हणण्याआधी : खोती, वतन, सिडको आणि मंदीतला जमिनीचा एजंट

गेल्या पावसाळ्यात पनवेल तालुक्यातल्या एका बौद्धवाडीच्या विहारात बैठक होती. विषय वतनी जमिनींचा. चर्चा तापली तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ते उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या जमिनी परक्यांनी नाही खाल्ल्या. आपल्यातल्याच दलालांनी खाल्ल्या." मागच्या रांगेतला एक तरुण उठला. तो जमिनीचा एजंट आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. तो म्हणाला, "काका, दोन वर्षांत माझा एकच सौदा झालाय. दलाल म्हणा, चालेल. पण जमीन दुसऱ्याच्या नावावर आणि माझ्या वाट्याला नुसती मोटारसायकल का आली, तेवढं सांगा." आणि चपला घालून निघून गेला.

बैठक पुढे चालू राहिली. पण आमच्या डोक्यातून तो प्रश्न गेला नाही. काकांचा आरोप खोटा नव्हता आणि पोराचा प्रश्नही खोटा नव्हता. समाजशास्त्रात एम.ए. झाल्यावर नोकरी मिळेना म्हणून अडीच वर्षे आम्हीही पनवेल, उरण, कर्जत पट्ट्यात हेच काम केले आहे, तेही नोटाबंदीनंतरच्या मंदीत. त्यामुळे या दोघांनाही उत्तर देणे आम्हाला भाग आहे.

आमचे म्हणणे सरळ आहे. या भागातला बहुजन एजंट हा जमिनीच्या बाजाराचा मालक नाही, मजूर आहे. तेजीत हे दिसत नाही, मंदीत उघडे पडते. आणि मंदीत हा मजूर उपाशी राहू लागला की बाजार त्याच्याच हाताने सर्वात दुबळ्या माणसाची जमीन काढून घेतो. ती जमीन बहुतेक वेळा आपली असते, नाहीतर आदिवासी भावाची असते. हे कसे घडले ते समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल.

खोत : पहिला मध्यस्थ

आजचा रायगड म्हणजे जुना कुलाबा जिल्हा. जमीन आणि माणूस यांच्या मध्ये बसून खाणारा माणूस या जिल्ह्याला नवा नाही. तो होता खोत. सरकारला ठरलेला सारा भरायचा, कुळाकडून मनाला येईल तेवढा वसूल करायचा, वर वेठही घ्यायची. १८८० च्या खोती कायद्याने इंग्रज सरकारने या व्यवस्थेला कागदोपत्री बळ दिले.

या व्यवस्थेविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात १९३३ साली शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो १९३९ पर्यंत चालला. आगरी, कुणबी कुळांनी वर्षानुवर्षे शेते ओस ठेवली, उपास काढले, पण खोतापुढे वाकले नाहीत. बाबासाहेब या शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती कायद्याने संपायला १९४९ उजाडावे लागले.

बाबासाहेब फक्त अस्पृश्यांचे नेते होते असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. आणि आगरी-कुणबी समाजाशी आपले काय नाते, असे विचारणाऱ्या आपल्या पोरांनीही वाचावा.

पण खोती गेली म्हणून जमीन सगळ्यांना मिळाली का? नाही. १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कसणारे कूळ मालक मानले गेले. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा चांगलीच होती. पण ज्याचे नाव कूळ म्हणून कधी लागलेच नव्हते, जो दुसऱ्याच्या शेतात नुसता राबत होता, त्याचे काय? त्याच्या हाती घोषणाच राहिली.

वतन : जमीन की बेडी?

आपल्याकडे जी थोडी जमीन होती ती वतनाची. गावकी आणि सरकार यांची चोवीस तासांची चाकरी, तिच्या बदल्यात बलुते आणि वतनाचा तुकडा. तोही साऱ्या भावकीत वाटलेला. वतन म्हणजे मालकी नव्हती, ती पिढ्यान्‌पिढ्या माणसाला गावाच्या दावणीला बांधणारी दोरी होती. म्हणूनच बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ ला मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. चाकरीची सक्ती जावी आणि जमीन मात्र आपल्या माणसाकडे राहावी, हा त्यांचा आग्रह होता.

जमीन नसणे म्हणजे काय, हे याच कुलाबा जिल्ह्याने त्यांना दाखवले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला दुसरी परिषद भरली तेव्हा मंडपासाठी सवर्णांनी जागा दिली नाही. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली, तिथे परिषद झाली. ज्या समाजाकडे सभा घेण्यापुरतीही जमीन नाही त्याला आपले म्हणणे मांडायलाही दुसऱ्याची परवानगी लागते. आपल्या चळवळीने हा धडा कधी विसरता कामा नये.

पुढे १९५८ चा कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायदा झाला. वतने खालसा झाली आणि शासनाला ठरावीक रक्कम भरून जमिनी मूळ वतनदारांना परत देण्याची सोय झाली. पण अट घातली गेली. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय ही जमीन हस्तांतरित करता येत नाही. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' किंवा 'नवीन शर्त' असे लिहिलेले असते ते यामुळे. ही अट त्रासाची वाटते, पण आपल्या हातात उरलेल्या जमिनीभोवतीचे ते शेवटचे कुंपण आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतनी जमिनीचा व्यवहार गाजला तेव्हा हे कुंपण किती ठिकाणी तुटू शकते ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

सिडको आली आणि एजंट जन्मला

१७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रविणा मेहता यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना १९६५ मध्येच मांडली होती. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरची जागा या शहरासाठी ठरली. संपादन झाले ते १८९४ च्या इंग्रजी कायद्याने. भातशेती गेली, मिठागरे गेली. मोबदला इतका तुटपुंजा की लोक रस्त्यावर उतरले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरणमध्ये आंदोलन पेटले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के योजना आली. १९९० आणि १९९४ च्या शासन निर्णयांनी ती आकाराला आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत, त्यातले पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी कापून.

ही लढाई मोठी होती. तिला आमचा सलाम आहे. पण एक हिशेब मांडावाच लागेल. साडेबारा टक्के कशाचे? संपादित झालेल्या जमिनीचे. ज्याची दहा एकर गेली त्याला त्याचे साडेबारा टक्के. ज्याच्या नावावर काहीच नव्हते, तो त्याच गावात राहिला, त्याच शेतात राबला, पण शून्याचे साडेबारा टक्के शून्यच. गावाचे शहर झाले तेव्हा त्याच्याकडे विकायला काही नव्हते. होती ती फक्त माहिती. कोणाची जमीन कुठे, वारस किती, भाऊबंदकीत कोण अडून बसलाय, बांध कुठून कुठे जातो.

याच माहितीला बाजारात भाव आला. भूखंड मिळवायचा तर पात्रता, वारसदाखले, सिडकोचे हेलपाटे, मग बिल्डरशी त्रिपक्षीय करारनामा. कागद समजणाऱ्या माणसाची गरज निर्माण झाली. दुसरीकडे मुंबईच्या पैशाला शेतजमीन हवी होती, पण कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. मग शेतकरी दाखला शोधा, नाहीतर दाखला असलेला माणूस शोधा. वर बसले गुंतवणूकदार, त्यांच्याखाली मुंबईचा ब्रोकर, त्याच्याखाली तालुक्याचा एजंट आणि सर्वात खाली गावातला पोरगा. हा शेवटचा पोरगा कोणत्या वाडीतला असतो, ते वेगळे सांगायला हवे का?

खोत आणि हा पोरगा दोघेही मध्यस्थ. पण खोताच्या मागे सरकार उभे होते. या पोराच्या मागे मोटारसायकलचा हप्ता उभा आहे.

मंदी काय दाखवते?

तेजीत सगळेच हसतात. गळ्यात साखळी आणि दारात गाडी असलेला एजंट पाहून दहा पोरे शिक्षण सोडून या धंद्यात येतात. मग मंदी येते. सप्टेंबर २००८ आठवा. अमेरिकेत लेहमन बँक कोसळली आणि त्याच आठवड्यात, २१ सप्टेंबरला, पेण तालुक्यातल्या २२ गावांत महामुंबई सेझवर जनमत घेतले गेले. गावांनी सेझ नाकारला ही लोकशाहीची मोठी घटना होती. पण सेझच्या बातमीवर जे सौदे उभे होते त्यांच्यातली हवाही गेली. पुन्हा ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी. पुन्हा मार्च २०२० ची टाळेबंदी. मग जुलै २०२१ चे परिपत्रक, ज्याने गुंठा-गुंठ्याच्या तुकड्यांची दस्तनोंदणी अडवली. नैना क्षेत्रातल्या गावांत तर २०१३ पासून जमीनमालकालाच कळेना की आपली किती जमीन राहणार. नगररचना योजनेत ४० टक्के परत मिळणार म्हणतात, म्हणून घेणारा थांबतो आणि देणाराही थांबतो.

विमानतळाचे तर विचारूच नका. २००७ मध्ये केंद्राने तत्त्वतः मान्यता दिली, २०१८ मध्ये पायाभरणी झाली, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन. ही अठरा वर्षे 'विमानतळ येतोय' या दोन शब्दांवर एजंटांच्या दोन पिढ्या जगल्या आणि उपाशीही राहिल्या.

मंदीतले काम कसे असते ते आम्ही पाहिले आहे. सकाळी तलाठी कार्यालयाबाहेर उभे राहायचे. सातबारा, फेरफार, आठ-अ काढायचे, पैसे आपल्या खिशातले. मुंबईची पार्टी शनिवारी येते, आपल्या खर्चाने वडापाव खाते, शेताच्या बांधावर फोटो काढते आणि "कळवतो" म्हणून जाते. ती कळवत नाही. मालक रोज फोन करतो, "काय रे, गिऱ्हाईक कुठंय?" विसार दिलेला माणूस पैसे परत मागतो, ते पैसे मालकाने मुलीच्या लग्नात घातलेले असतात. दोघेही एजंटाची कॉलर धरतात.

आणि मिळते काय? समजा पन्नास लाखांचा सौदा झाला आणि दोन टक्के दलाली ठरली. झाले एक लाख. साखळीत पाच माणसे. सारखी वाटणी झाली असे धरले तरी प्रत्येकी वीस हजार. सौद्याला सहा महिने लागले असतील तर महिन्याला तेहतीसशे रुपये. त्यातून पेट्रोल वजा करा. नाक्यावरचा बिगारीसुद्धा यापेक्षा जास्त कमावतो, फक्त त्याला इस्त्रीचा शर्ट घालावा लागत नाही. हा मालकाचा धंदा आहे की मजुरी, तुम्हीच सांगा.

कायद्यानेही या पोराला जागा दिलेली नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने प्रकल्पातली घरे आणि भूखंड विकणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची केली, महारेराने पुढे परीक्षाही ठेवली. हे योग्यच झाले. पण खेड्यातली मोकळी शेतजमीन या चौकटीबाहेर राहते. तिथे ना नोंदणी, ना लेखी करार, ना दलालीची हमी.

मंदीत कोणती जमीन विकली जाते?

आता मुख्य मुद्दा. मंदीत चांगल्या जमिनीचा मालक थांबतो, कारण त्याला थांबणे परवडते. घेणाऱ्याला हवी असते स्वस्त जमीन. स्वस्त जमीन कोणती? जिच्या कागदात अडचण आहे ती. वतनी वर्ग २ ची जमीन, आदिवासीची जमीन, गायरानातला पट्टा. कायद्याने सहज विकता येत नाही म्हणून ती स्वस्त, आणि मालक गरजू म्हणून ती आणखी स्वस्त. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ ने आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला देण्यावर बंधन आहे. तरी कर्जत, खालापूरच्या वाड्यांत कागद फिरतातच.

२०१७ साली आमच्याकडे असाच एक कागद आला. वरच्या एजंटाने सांगितले, वतनी जमीन आहे, कुलमुखत्यारपत्रावर घ्यायची, भाव बाजाराच्या एक तृतीयांश. सही करायची होती एका वृद्ध आजीने. आम्हाला तिच्याकडे का पाठवले? कारण आम्ही जय भीम म्हणणार होतो आणि ती दार उघडणार होती. तिने चहा ठेवला. मग विचारले, "बाळा, हा कागद कसला रं?" चार महिन्यांत आमच्या हातात एक रुपया आला नव्हता. घरचे भाडे थकले होते. तरी आम्ही तिला सांगितले, "आजी, यावर सही करू नका." आणि तिथून निघालो.

इथे गोष्ट संपली असती तर आम्ही स्वतःची पाठ थोपटून घेतली असती. पण पंधरा दिवसांत दुसऱ्या एजंटाने तिचा अंगठा घेतला. तोही आपल्यातलाच होता. आम्ही बाजूला झालो, एवढेच. आम्ही तिच्या मुलांना बोलावले नाही, तहसीलदाराकडे अर्ज केला नाही, विहारात हा विषय काढला नाही. आपले हात स्वच्छ राहिले आणि तिची जमीन गेली. २०११ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले होते की नुसत्या कुलमुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही. हे आम्हाला माहीत होते. आजीला माहीत नव्हते. आमच्या एम.ए.चा तिला काय उपयोग झाला?

दोघांनाही उत्तर

म्हणून काकांना आमचे सांगणे : दलाल म्हणून पोरांना हाकलू नका. चरीच्या संपात नसलेला, कृषक दिनात न मोजलेला, साडेबारा टक्क्यांत न बसलेला हा माणूस आहे. त्याला शिवी देऊन त्याची भूक जात नाही, तो फक्त विहारात यायचा थांबतो. मग त्याच्यावर समाजाचा वचक राहत नाही, उरतो फक्त वरच्या एजंटाचा.

आणि त्या तरुण मित्राला सांगणे : मित्रा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, पण तुझ्या सहीची जबाबदारी इतिहास घेत नाही. भूक सगळ्यांनाच असते. उपाशी कुळांनी सहा वर्षे खोताला नकार दिला, याच जिल्ह्यात. बुद्धांनी सम्यक आजीविका सांगितली ती पोट भरलेल्यांसाठी नव्हती. सामान्य बिनअडचणीच्या जमिनीचा सौदा कर, हक्काची दलाली घे, ती लेखी घे, त्यात लाज काही नाही. पण आपल्या आजीच्या अंगठ्यावर मिळणारी दलाली ही दलाली नव्हे.

मग करायचे काय? नुसता उपदेश करून आम्ही थांबणार नाही. तीन कामे आहेत आणि मंदी हीच त्यांची वेळ आहे, कारण एजंटाकडे आज वेळ आहे.

पहिले, प्रत्येक बौद्धवाडीने आपल्या वतनी जमिनींची यादी करावी. सातबारा, फेरफार, वारसनोंद, वर्ग २ चा शेरा. वारस लागलेले नसतील तर लावून घ्यावेत. हे काम एजंट झालेल्या पोरांइतके चांगले कोणीही करू शकत नाही. त्यांना वाडीने त्याचा मोबदला द्यावा, फुकट राबवू नये. वेठ आपण बाबासाहेबांच्या काळातच सोडली आहे.

दुसरे, कुलमुखत्यारपत्र किंवा साठेखतावर सही करण्याआधी तो कागद विहारात वाचला जाईल असा नियम करावा. एक वकील, एक कार्यकर्ता, एक एजंट आणि घरातली सगळी मंडळी, बायकांसकट. आमच्या आजीसाठी एवढे झाले असते तरी पुरे होते.

तिसरे सर्वात महत्त्वाचे. भूमिहीनांसाठी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये सत्याग्रह केले, लोक तुरुंगात गेले. त्यांच्याच नावाची कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला शासन जमीन विकत घेऊन देते, ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत. २०१८ पासून शंभर टक्के अनुदान. कमाल भाव जिरायतीला एकरी ५ लाख, बागायतीला ८ लाख. एकराचे चाळीस गुंठे, म्हणजे जिरायतीला गुंठ्याला साडेबारा हजार. पनवेलमध्ये या भावात कोणी बांधावर उभेही करणार नाही. म्हणून भावाची मर्यादा तालुक्याच्या बाजारभावाशी जोडा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. पण शहरापासून दूरच्या, डोंगराकडच्या गावांत मंदीत असे मालक असतात ज्यांना विकायचे आहे आणि गिऱ्हाईक नाही. त्यांची नावे कोणाला ठाऊक असतात? एजंटाला. तो मालक आणि समाजकल्याण कार्यालय यांची गाठ त्याने घालून द्यावी. आजवर त्याने आपली जमीन बाहेर नेली, आता जमीन आपल्याकडे आणावी.

१९१८ मध्ये बाबासाहेबांनी भारतातल्या लहान जमीनधारणेवर प्रबंध लिहिला, १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेती राष्ट्राच्या मालकीची करण्याची मागणी केली. जमिनीच्या प्रश्नाने त्यांची साथ शेवटपर्यंत सोडली नाही. आपण मात्र तो तलाठी कार्यालयाबाहेरच्या पोरांवर सोडून दिला.

तो तरुण अजून बैठकीला आलेला नाही. पुढच्या बैठकीआधी काका आणि आम्ही त्याच्या घरी जाणार आहोत. सोबत वाडीच्या सातबाऱ्यांची यादी नेणार आहोत. ती अर्धवट आहे, पुरी कशी करायची ते त्यालाच विचारायचे आहे.

जय भीम!